एकशे सत्तावीस अंश

चोपड्याच्या त्या जिनिंगमधून फोन आला
तेव्हा हंगाम उतरणीला लागला होता. एप्रिल.
भुईकाट्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर
दुपारी गाडी काट्यावर चढली की मरायचा,
नेमका वजनाची पावती निघायच्या आधी.
ट्रॅक्टरवाले म्हणायचे, मालकाची चलाखी.
मालक म्हणायचे, सुभानची झोप.
सुभान तडवी काही म्हणायचा नाही,
रुमालानं की-बोर्ड पुसायचा.

डबा उघडला. आत कापूस.
पंख्याच्या पात्यांवर, मदरबोर्डच्या गल्लीबोळांत,
समईच्या दोन वाती सहज वळल्या असत्या.
ब्रश फिरवला, फुंकलं, शिंकलो,
प्रोसेसरवर मटकीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट,
आणि मग तो प्रोग्राम टाकला
जो काहीच थंड करत नाही,
नुसता बघतो.

प्रोसेसर ६८.
बोर्ड ५१.
पंखा पहिला, मिनिटाला सोळाशे चाळीस फेरे.
पंखा दुसरा, शून्य. तो या डब्यात नव्हताच कधी.
बारा व्होल्टच्या जागी अकरा पूर्णांक सहा.
आणि सगळ्यांत खाली एक ओळ, ऑक्स:
१२७.

सुभान मागं सरकला.
"एकशे सत्तावीस? जळी जाई ना भो!"
मी म्हटलं, तिथं सेन्सरच बसवलेला नाही.
बोर्डावर नुसत्या दोन टाचण्या, तार नाही.
जिथं कुणी नसतं
तिथून हा येईल तेवढा मोठा आकडा ओरडतो.
ओळ लपवता येते. लपवू?
तो स्क्रीनकडं बघत राहिला.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला. "काट्यावर बसून वीस वर्षं झाली.
एक खोटं बोलणारा समोर दिसत असला
की बाकीचे वळखू येतात."

आठवड्याची नोंद घेऊन मी जळगावला परतलो.
दर दहा सेकंदांना एक आकडा.
रात्री दुकानात आलेख काढला.
सकाळी रेघ चढते, ते कळलं.
वर पत्रा, खाली डांबर, चढणारच.
पण एक वाजता,
बाहेर पंचेचाळीस, रांगेत दहा गाड्या,
रेघ खाली उतरते.
नऊ अंश. पाचपर्यंत खालीच.
पेस्ट? व्होल्टेज? सेन्सरच बिघडला?
फक्त शुक्रवारी ती सव्वादोनला उतरते,
आणि त्याआधीचा तास
८४ पर्यंत जाऊन येते.

न सांगता गेलो, दोनच्या सुमारास.
डब्याची एक बाजू काढून भिंतीला टेकवलेली.
तेलाच्या पालथ्या डब्यावर टेबलपंखा,
तोंड थेट मदरबोर्डकडं.
कोपऱ्यात सुभान,
बनियन पाठीला चिकटलेलं,
एका हातानं पुठ्ठा हलवत दुसऱ्यानं वजन टिपत.
शुक्रवारी तो नमाजला गेला की
बदलीवरचं पोरगं पंखा स्वतःकडं वळवतं.
सरळ आहे. पोरगं शहाणं आहे.

मी काही विचारायच्या आत म्हणाला,
"ते तपी जास, भो.
मी काय, आठेनाच शे."

दुकानात भंगारातल्या डब्यांमधून एक पंखा निघाला.
त्याला तेल दिलं, जिथं शून्य होतं तिथं जोडला.
पंखा दुसरा: बाराशे दहा.
मे महिन्याची नोंद माझ्याकडं आहे.
एक वाजता रेघ आता उतरत नाही,
७३ वर आडवी चालते.
म्हणजे टेबलपंखा वळला असावा.
असावा. त्या कोपऱ्यातलं मला काही दिसत नाही.

हंगामाचा हिशेब बंद करताना
मालकांनी बिलावर बोट ठेवलं.
एका डब्याला दोन पंखे कशाला?
मी स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली,
शेवटच्या ओळीकडं बघा म्हटलं.
१२७ बघून त्यांनी मुकाट्यानं सही केली.

सुभान
रुमालानं की-बोर्ड पुसत होता.